केईएमच्या वॉर्डातलं ज्ञान शिरूर-दौंडला कधी येणार?

आपल्या वस्तीत किडनीचं नाव निघतं ते डायलिसिस सांगितल्यावरच. तोपर्यंत उष्णता, मूतखडा, पायावरची सूज, कामाचा शीण अशी नावं चालू असतात. मेडिकलमधून गोळी आणतात, सूज उतरते, पुन्हा येते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्याचं काम करतो. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : अचानक कसं झालं? अचानक झालेलं नसतं. किडनीचं साधारण निम्मं काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढतच नाही. किडनी मुकाट्याने सोसते, आपल्या आयाबहिणींसारखी.

हे दुखणं कुठून सुरू होतं, याचा शोध घेण्यात एका बाईंनी आपल्या उमेदीची वर्षं घातली. त्यांचं नाव डॉ. विद्या आचार्य. देशातल्या पहिल्या महिला किडनीतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात त्या किडनी विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवत होत्या. केईएम हे महापालिकेचं रुग्णालय, १९२६ साली सुरू झालेलं. भारतात किडनी बदलण्याचा पहिला प्रयत्न १९६५ साली तिथेच झाला. त्या काळात ही शाखाच नवी होती, आणि त्यात बाई म्हणजे विरळाच.

पण पहिली बाई एवढ्यासाठी आम्ही त्यांच्यावर लिहीत नाही. त्यांनी प्रश्न कोणते निवडले ते पाहा. महापालिकेच्या वॉर्डात जी माणसं येत होती, त्यांचेच प्रश्न त्यांनी संशोधनाला घेतले.

साप घ्या. १९८९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या विषारी सर्पदंशामुळे किडनी अचानक निकामी होण्यावर निबंध प्रसिद्ध केला. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवतं. हिरड्यांतून, जखमेतून रक्त येत राहतं, रक्तदाब पडतो, आणि या सगळ्याचा मार किडनीवर येतो. माणूस दंशातून वाचला असं वाटतं, आणि एक-दोन दिवसांत लघवी कमी होते किंवा बंदच पडते. आता आपल्याकडचं चित्र डोळ्यापुढे आणा. रात्रीची लाईट, रात्रीच उसाला पाणी, पायात साधी चप्पल. कांदा काढताना, पाचट उचलताना हात कुठे पडेल याचा नेम नाही. घोणस बंगल्यात शिरून चावत नाही, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला चावते.

म्हणून हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, बाबाकडे न्यायचं नाही. चावलेला भाग हलू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यायचं. तिथे कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलं आहे, प्रतिविष लगेच द्यायला हवं. एवढी साधी तपासणी आहे, काचेची नळी आणि घड्याळ लागतं. ती केली का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि घरी आल्यावरही लघवी किती होते, रंग कसा आहे, यावर लक्ष ठेवायचं.

दुसरा विषय बाईच्या लघवीच्या जळजळीचा. त्याला आपल्याकडे कुणी आजारच समजत नाही. डॉ. आचार्यांनी १९९२ साली केईएमच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिलं की मूत्रमार्गातला हा जंतुसंसर्ग धोकादायक आहे आणि तो ओळखलाच जात नाही. सगळ्या अंगात पसरणाऱ्या जंतुदोषाची सुरुवात अनेकदा तिथूनच होते. बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू लवकर वर चढतात, मूत्राशयात आणि तिथून किडनीत. गरोदरपणात तर काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात, आणि बाळ दिवस भरण्याआधी येण्याचा धोका वाढतो.

आमच्या बायका काय करतात? उसाच्या फडात संडास नाही, वीटभट्टीवर नाही. मग पाणीच कमी प्यायचं आणि लघवी अंधार पडेपर्यंत धरून ठेवायची. कंपनीत लाइनवर उभं राहणाऱ्या मुलीही हेच सांगतात. मग जळजळ, मग ताप, मग दोन दिवस गोळ्या आणि बरं वाटलं की बंद. वर कंबर दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्या. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या किडनीला फार जड जातात. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि दिलेल्या गोळ्या पूर्ण दिवस घ्या. पण हेही सांगतो, की 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला जिथे संडास नाही तिथे अर्धाच आहे. किडनीच्या आजाराचा एक इलाज मुकादमाकडे आणि मालकाकडे मागायचा असतो. नुसत्या डॉक्टरकडे तो मिळत नाही.

तिसरा विषय साखरेचा. मधुमेहाने किडनी कशी खराब होते, यावर डॉ. आचार्यांनी १९७८ सालीच आढावा लिहिला होता. जवळजवळ पन्नास वर्षं झाली. या आजारात सुरुवातीची खूण लघवीत दिसते, प्रथिनं उतरू लागतात. तेव्हा साखर आणि बीपी ताब्यात आणलं, किडनीला जपणारी बीपीची गोळी डॉक्टरांनी ठरवून दिली, तर पुढचा बिघाड पुष्कळ लांबवता येतो. या गोळ्या महागही नाहीत.

आमचा खरा राग इथे आहे. लघवीतली प्रथिनं पाहायची पट्टी आपल्या उपकेंद्रात असते. गरोदर बाईची लघवी त्याच पट्टीने तपासतात, आमच्या हातांनी आम्ही शेकडो वेळा तपासली आहे. मग पाच वर्षं शुगरची गोळी खाणाऱ्या पन्नाशीच्या माणसाची का नाही? तिशीपुढच्या सगळ्यांचे फॉर्म आशाताई भरून घेतात, बीपी आणि शुगर बघतात. लघवीपाशी मात्र बहुतेक वेळा काम थांबतं. पट्टी बुडवायला मिनिटभर लागतो.

हे जमत नाही असं कुणी सांगू नये. डॉ. एम. के. मणी हे आधी मुंबईच्या जसलोकमध्ये होते, मग चेन्नईला गेले. तिथल्या किडनी हेल्प ट्रस्टमार्फत त्यांनी चेन्नईजवळच्या खेड्यांत गावातल्याच तरुणींना शिकवलं. त्यांनी घरोघर बीपी मोजलं, लघवी तपासली, आणि ज्यांना गरज होती त्यांना स्वस्तातली जुनी औषधं सुरू झाली. आपल्या आशाताई त्या तरुणींपेक्षा कशात कमी आहेत?

कुरकुंभ एमआयडीसीच्या आजूबाजूची माणसं आम्हाला विचारतात, की इथल्या पाण्याने किडनी जाते का. याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नसतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या उपचारासाठी प्रसिद्ध आहेत, पण २०१० साली त्यांनी राज्यातल्या एका लहान गावातलं पिण्याचं पाणी, त्यातले जड धातू आणि किडनी निकामी होणं यांचा संबंधही मांडला होता. म्हणजे खेड्यात राहूनही असा शोध घेता येतो. पाण्याचे नमुने आणि माणसांचं रक्त, दोन्ही तपासायची मागणी आपण करायला हवी.

आणि डायलिसिस? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते मोफत होतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी चार-चार तास, म्हणजे वर्षाला शंभर ते दीडशे फेऱ्या. जवळच्या केंद्रात जागा नसेल तर दौंडहून रेल्वे नाहीतर शिरूरहून एसटी, रुग्णासोबत घरातला आणखी एक माणूस, दोघांचाही रोज बुडाला. मशीन फुकट आहे, तो दिवस फुकट नाही. सरकार मशीनचं उद्घाटन करतं, पट्टीचं उद्घाटन कुणी करत नाही.

डॉ. आचार्यांचं ज्ञान सरकारी खाटांवरच्या गरीब माणसांच्या रक्ता-लघवीतून उभं राहिलं. तिथे झोपलेली माणसं आपल्यासारखीच होती. ते ज्ञान पुस्तकात गेलं, परीक्षेत विचारलं गेलं, नर्सिंगच्या डिप्लोम्याला आम्हीही पाठ केलं. ते उपकेंद्राच्या टेबलावर येऊन थांबलं आहे, उंबऱ्यापर्यंत आलेलं नाही.

शिरूर आणि दौंडच्या दोन्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन आम्ही लिहीत आहोत. मागणी एकच आहे : शुगर किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाची लघवी उपकेंद्रात वर्षातून एकदा तपासावी, आणि दोष दिसला तर क्रिएटिनिनसाठी रक्त घ्यावं. त्यासाठी प्रत्येक वस्तीतून शुगर-बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचा आकडा हवा आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा घरटी विचारून तो लिहून काढा. नावं नकोत, फक्त किती माणसं, आणि त्यांतल्या किती जणांची लघवी आजवर एकदा तरी तपासली गेली, एवढं लिहा.