दिवा बदलणे हे कोणाचे काम?

या पत्रिकेला दिवा हा विषय नवा नाही. ज्ञानदीप येथे वर्षानुवर्षे तेवत आला आहे, आणि 'सीमेवरची मराठीची मिणमिणती पणती' ही उपमा तर आम्ही स्वतःच दोनदा वापरली आहे. आज मात्र लिहायचे आहे ते ढेलजेच्या छताला लोंबणाऱ्या, धुळीने माखलेल्या, वायरीला कोळिष्टके लागलेल्या खऱ्या दिव्याविषयी. तो गेला म्हणजे बदलायचा कोणी? आमच्या घराण्यांनी या प्रश्नाचे जे उत्तर पिढ्यानपिढ्या दिले आहे ते चुकीचे आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे, असे आमचे म्हणणे आहे.

मुडबी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या पट्ट्यातील जुन्या मराठी घरांत एक अलिखित नियम आहे: तारेला हात लावायचा नाही. वरकरणी हा नियम भीतीपोटी आलेला दिसतो. पण त्यात भीती थोडी आणि प्रतिष्ठा फार आहे. मुलांना 'शॉक बसेल' असे सांगितले जाते, स्त्रियांना 'तू नको त्या भानगडीत पडू' असे सांगितले जाते, आणि कर्ता पुरुष स्वतः खुर्चीतून हाक मारतो ती गड्याला. शॉक गड्यालाही बसतो, हा विचार त्या हाकेच्या आड येत नाही.

ही सवय फार पुरातन आहे असे मात्र कोणी म्हणू नये. कंदिलाच्या काळात आमची घरे इतकी परावलंबी नव्हती. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांना आठवेल की, तिन्हीसांजेच्या आधी काच राखेने पुसणे, वात कातरून सारखी करणे, घासलेट मापाने भरणे ही कामे घरातलीच माणसे करीत. आमची आजी वात अशी कातरीत असे की काजळी धरतच नसे. लग्नकार्यात पेट्रोमॅक्सचे मँटल बांधण्याची कला तर चुलत्यांमध्ये मानाची गणली जाई. आगीशी रोजचा व्यवहार होता, तिची भीती होती आणि तिचे ज्ञानही होते. वीज आली तेव्हा भीती तेवढी उरली आणि ज्ञान वायरमनच्या पिशवीत गेले. बटण दाबण्यापलीकडे आपला तिच्याशी संबंध राहिला नाही.

आता जे सांगायचे आहे ते सुखाने सांगण्याजोगे नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात आमच्या ढेलजेतला दिवा गेला. संध्याकाळची वेळ होती, पाहुणे यायचे होते. आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. तेथूनच आम्ही सालगड्याला हाक दिली. तो शेतातून भिजून आला होता. शेजारून लोखंडी शिडी आणली गेली. त्याने बटण बंद आहे ना, हे आम्हाला विचारले. आम्ही बसल्या जागेवरून 'बंद आहे' म्हणालो, आणि ते खरोखरच बंद होते. बल्ब जुना, होल्डरमध्ये गच्च बसलेला. फिरवताना काच हातात आली आणि पितळी टोपी होल्डरमध्येच राहिली. ती काढण्यासाठी त्याने बोटे आत घातली. पुढचे आम्ही पाहिले नाही, फक्त आवाज ऐकला. तो शिडीवरून फरशीवर पडला होता. खुबा मोडला. जीव वाचला, पण ते शरीर पुन्हा नांगरामागे उभे राहिले नाही. शुद्धीवर आल्यावर त्याचे पहिले शब्द होते, "मालक, बटन तर बंदच होतं की वो." जणू चूक त्याची होती आणि तो खुलासा देत होता.

दवाखान्याचा खर्च आम्ही केला. तो सांगण्याजोगा नाही, कारण तो पुरेसा नव्हता.

बटण बंद असताना करंट लागला कसा? दुसऱ्या दिवशी आलेल्या वायरमनने पाच मिनिटांत दाखवून दिले. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी फेज ही जिवंत तार आणि न्यूट्रल ही परतीची. बटण नेहमी फेजच्या वाटेत असावे लागते, म्हणजे ते बंद केले की दिव्यापर्यंत जीवच पोचत नाही. आमच्याकडे बटण न्यूट्रलवर होते. अशा जोडणीत बटण बंद केले की दिवा विझतो खरा, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच उभे असतात. कोणीतरी ओल्या पायांनी, लोखंडी शिडीवरून, त्यांना जमिनीची वाट दाखवण्याचीच खोटी असते. ते वायरिंग आमच्याच वडीलधाऱ्यांनी कधी काळी स्वस्तात करून घेतले होते. आम्ही दोन पिढ्या त्या बटणावर विसंबून राहिलो, कारण दिवा विझतो म्हणजे सारे ठीक आहे अशी आमची समजूत होती.

म्हणून पहिली गोष्ट ही की, बटण बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. मेन स्विच पाडावा. आणि ज्या घरात इन्व्हर्टर आहे (आता कोणाच्या घरात नाही?) तेथे मेन पाडूनही काही दिव्यांत वीज खेळत असते, कारण बॅटरी मेनच्या अलीकडे बसलेली असते. इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो. मग टेस्टर घ्यावा. पण तोही आधी चालू प्लगमध्ये लावून पेटतो की नाही हे पाहून ठेवलेला असावा. मेलेला टेस्टर सगळीकडेच 'वीज नाही' असे सांगतो. हे सगळे करायचे तर घरात अंधार होणार, म्हणून काम दिवसा करावे. दिवा रात्री गेला म्हणून तो रात्रीच बदलला पाहिजे असे काही शास्त्र नाही. एक रात्र समईच्या उजेडात काढल्याने पाहुण्यांसमोर घराण्याची अब्रू जात नाही. आमची गेली ती वेगळ्या कारणाने.

बाकीचे सोपे आहे. हात कोरडे, पाय कोरडे, कोरडी लाकडी शिडी किंवा भक्कम स्टूल, आणि ते धरायला खाली दुसरे माणूस. बाजेवर स्टूल आणि स्टुलावर पाट ही रचना आमच्या घरांत सर्रास चालते, तिला शिडी म्हणता येत नाही. बल्ब नुकताच गेला असेल तर निवू द्यावा. पिनचा बल्ब हलकेच वर दाबून डावीकडे फिरवावा, ओढू नये. टोपी आत राहिली तर मेन बंदच ठेवून पक्कडीने काढावी, बोटाने कदापि नाही. होल्डर काळा पडला असेल, तडकला असेल तर त्यात नवा दिवा बसवण्यापेक्षा होल्डरच बदलावा. कपाटाच्या कोपऱ्यात अजून जुने सीएफएल पडून असतील, तर ते फुटू देऊ नयेत. त्यांच्यात पारा असतो. फुटलाच तर खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर जावे, आणि नंतर तुकडे केरसुणीने न उडवता जाड कागदाने व ओल्या फडक्याने टिपून बंद डब्यात घालावेत. आणि एखाद्याला करंट लागलाच तर त्याला हाताने ओढू नये, आधी मेन पाडावा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर सारावे.

आमच्यातच एक दुसरा पंथही आहे, आणि तो पहिल्याहून कमी घातक नाही. 'त्यात काय एवढे' म्हणणाऱ्यांचा. हे लोक प्लगला पिन न लावता उघड्या तारा आगपेटीच्या काडीने खोचतात, अंगणातली कपडे वाळवण्याची तार सर्व्हिस वायरच्या अंगाला अंग लावून बांधतात आणि फ्यूज उडाला की त्यात पुन्हा उडू नये म्हणून तांब्याचे चार पदर पिळून घालतात. फ्यूज ही मुद्दाम दुबळी ठेवलेली जागा आहे. जास्त भार आला तर तिने वितळावे, म्हणजे घर वाचते. ती मजबूत केली की वितळण्याची पाळी भिंतीतल्या वायरीवर येते, आणि माळवदाच्या घरात ती वायर सागवानी तुळईवरून गेलेली असते.

नवीन एमसीबी बसवल्याने निश्चिंत झालेल्यांनीही एक गणित करून पाहावे. ९ वॉटचा एलईडी दिवा २३० व्होल्टवर ढोबळमानाने ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. एवढासा प्रवाह छातीतून गेला तर माणूस मरू शकतो. सहा अँपिअरचा एमसीबी याच्या दीडशेपट प्रवाह बिनतक्रार जाऊ देतो. तो वायरींचा रखवालदार आहे, माणसांचा नव्हे. माणसासाठी वेगळे यंत्र असते, आरसीसीबी. ३० मिलिअँपिअर वीज जरी वाट सोडून जमिनीत जाऊ लागली तरी ते क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावर एक चाचणीचे बटण असते, ते अधूनमधून दाबून यंत्र पडते की नाही हे पाहायचे असते. मुलीच्या लग्नात रोषणाईवर जो खर्च होतो त्याच्या एका कोपऱ्यात हे यंत्र येते. अर्थिंगचेही तसेच. कोळसा-मीठ घालून पुरलेला तो खड्डा आमच्याकडच्या उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो. तुळशीला पाणी घालताना त्यालाही घातले तर बिघडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे गेल्याची नोंद आढळते. त्यांतील किती जण दुसऱ्याच्या हाकेवरून शिडी चढले, याचा रकाना तेथे नाही.

'मग वायरमन कशासाठी आहे?' असे विचारले जाईल. वायरमन आहे तो वायरिंग बदलण्यासाठी, अर्थिंगसाठी, बटण फेजवर आहे की नाही हे घरभर एकदा तपासून घेण्यासाठी. खांब, सर्व्हिस वायर आणि मीटर यांना तर आपण शिवायचेच नाही. कायद्याने ही सीमा फार पूर्वी आखली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घरातील विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडे सोपवले, पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणे एकास एक बदलण्याची मोकळीक गृहस्थाला ठेवली. २०१० च्या नियमावलीतही ती राहिली. त्याच १९५६ साली बिदर जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या सीमेबद्दल आम्ही आजतागायत किती लिहिले, किती ठराव केले! ही दुसरी सीमा, आपला हात कोठपर्यंत पोचावा याची, आम्ही वाचलीसुद्धा नाही.

आणखी एक आक्षेप साहित्यिक आहे. वाङ्मयीन पत्रिकेने होल्डर आणि पक्कड यांत पडावे काय? आम्ही ज्या भूमीत बसून लिहितो तिच्याकडे पाहिले तर हा आक्षेप टिकत नाही. आमच्या घरांना कल्याणचा अभिमान आहे तो मिताक्षराकार विज्ञानेश्वरामुळे. वारसाहक्काचा कज्जा निघाला की त्याचे नाव हमखास निघते. पण त्याच कल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांभोवती जी माणसे जमली त्यांत मडिवाळ माचिदेव कपडे धुणारे होते, अंबिगर चौडय्या नाव वल्हवणारे होते, नुलिय चंदय्या दोर वळणारे होते. हाताने केलेले काम हीच उपासना, हा त्यांच्या 'कायक' या शब्दाचा आशय. त्यांनी वचने लिहिली आणि आपापला धंदाही सोडला नाही. वाङ्मय आणि हात यांची फारकत त्यांना ठाऊक नव्हती. २०१९ पासून आमच्या प्रदेशाचे नावच कल्याण-कर्नाटक झाले. आम्ही त्या नावाच्या राजकारणावर चर्चा केली, अर्थावर नाही. आणि ज्यांना हे उदाहरण कन्नड म्हणून परके वाटते त्यांनी बेळगावकडे पाहावे. तेथे सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि त्याच माळावरून मराठीतले एक अव्वल मासिक निघाले.

स्त्रियांविषयी थोडक्यात. चुलीपासून गॅसपर्यंत घरातली सारी आग ज्यांच्या हातात दिली, त्यांना मेन स्विच कोठे आहे हे न सांगणे याला काळजी म्हणत नाहीत. दुपारी घरात त्याच एकट्या असतात.

मुले आता पुण्याला, हैदराबादला, परदेशात. एलईडी दिवे वर्षानुवर्षे जात नाहीत, त्यामुळे बदलण्याचा सरावही उरलेला नाही. २०१५ मध्ये उजाला योजनेने ते स्वस्त केले, २०२३ मध्ये गृहज्योतीने येथल्या घरगुती ग्राहकांना ठरावीक मर्यादेपर्यंत, महिना जास्तीत जास्त २०० युनिट, वीजही मोफत केली. एकच चिन्ह मात्र नव्या दिव्यांनी आयते दिले आहे: बटण बंद केल्यावरही एलईडी अंधुक मिणमिणत राहिला तर बटण न्यूट्रलवर असण्याचा संभव असतो. दर वेळी कारण हेच असते असे नाही, पण वायरमनला बोलवायला तेवढे पुरे. जुन्या बल्बने आम्हाला ही सूचना कधी दिली नव्हती.

आमच्या घरातली तीन बटणे अशी निघाली. ती फेजवर घेतली, आरसीसीबी बसवला, लोखंडी शिडी परत केली आणि सुताराकडून लाकडी करून घेतली. गेल्या दिवाळीत देवघरातला दिवा गेला तेव्हा सत्तरीच्या आत्याबाई म्हणाल्या, "मेन मी पाडते, तू चढ." आम्ही चढलो. खाली शिडी धरायला तो जुना सालगडीच आला होता, काठी टेकवीत. तो नको म्हटले तरी ऐकेना.