सुटण्याची वेळ कोणती?

गणपती आणि शिमगा हे दोन सण आमच्या दवाखान्याच्या दृष्टीने मोठ्या मोसमाचे. चाकरमानी गावी आले की सणाच्या जेवणाने बिघडलेली पोटे आणि प्रवासात लागलेली सर्दी घेऊन दवाखाना भरतो. ते वर्षानुवर्षे चालत आले आहे. गेल्या काही वर्षांत मात्र ह्या गर्दीत एक नवा रोगी दिसू लागला आहे. वय पंचवीस ते तेहेतीस, नोकरी मुंबईला, पुण्याला नाहीतर ठाण्याला. स्वतः होऊन तो येत नाही, आई त्याला घेऊन येते. "डॉक्टर, ह्याला जरा तपासा हो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागा असतो." मुलगा म्हणतो, "काही नाही काका, ॲसिडिटी आहे." पट्टा बांधावा तर प्रेशर १५०/१००.

झोप किती, जेवण किती वाजता, ह्याची उत्तरे मिळतात. "सुटतोस किती वाजता?" असे विचारले की मुलगा नुसता हसतो. "तसे ठरावीक नाही काका." आणि शेजारी बसलेले वडील अभिमानाने सांगतात, "साहेबांचे ह्याच्यावाचून पान हलत नाही. रविवारीसुद्धा फोन!" मुलाच्या प्रेशरइतकीच ह्या अभिमानाचीही मला काळजी वाटते, म्हणून आजचा विषय.

वाचकहो, आपल्या तालुक्याला नोकरीचे तास ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्या ज्यांच्या घामावर चालल्या त्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसे फार मोठ्या संख्येने होती. संगमेश्वर-देवरुख भागात ज्याचे आजोबा-पणजोबा गिरणीत नव्हते असे घर शोधावे लागेल. आरंभी गिरणी सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद, अशी चाले. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. दिवा आला तो सोयीसाठी, पण त्याने कामगाराची रात्र खाल्ली. रविवारची सुट्टी मिळवायलाही नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून झगडावे लागले, ती मिळाली १० जून १८९० रोजी. पुढे १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुष कामगारांना दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तास ठरवले. म्हणजे आजोबांच्या पिढीला निदान भोंगा होता. भोंगा वाजला की माणूस सुटला, मग साहेब कोणी का असेना.

नातवाला भोंगा नाही. त्याच्या खिशात मोबाईल आहे, आणि विजेच्या दिव्याने तेव्हा जे केले तेच हा मोबाईल आज करतो आहे. कचेरी सातला सुटते, पण साडेनऊला डोंबिवलीच्या खोलीवर पोचल्यावर पुन्हा मेसेज, पुन्हा लॅपटॉप. ह्या तासांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नसते.

आता वैद्यकीय बाजू पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१६ ह्या एका वर्षात जगभर ७ लाख ४५ हजार मृत्यू ह्या कारणाने झाले, असा त्यांचा अंदाज. ५५ तास हा आकडा फार मोठा वाटतो काय? सहा दिवस रोज सव्वानऊ तास, झाले ५५. लोकलचा प्रवास त्यात धरलेलाच नाही.

ह्यातले बहुतेक मृत्यू साठीच्या पुढचे आहेत, हेही सांगितले पाहिजे. अठ्ठाविसाव्या वर्षी शरीर तक्रार करत नाही, ते उधारीवर चालते. सतत ताणाखाली असलेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढलेली राहतात. निरोगी माणसाचे प्रेशर झोपेत उतरते, कमी झोपणाऱ्याचे ते चढेच राहते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, साखरही बिघडते. त्यात रात्री अकराला वडापाव आणि दिवसभर खुर्ची.

"आम्ही नाही का लावणीला पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबलो?" असे ज्येष्ठ मंडळी मला विचारतात. राबलात, खरेच आहे. पण लावणी संपते. शिवाय चिखलात दिवस काढलेल्या माणसाला पाठ टेकताच झोप लागते. ह्या मुलाचे अंग बसून आणि डोके पळून थकते, आणि अशा थकव्याला झोप येत नाही.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात ईवाय ह्या बड्या कंपनीत नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर गाजले. मृत्यूचा कामाच्या ताणाशी संबंध असल्याचे कंपनीने मान्य केले नाही, आणि मीही इथे बसून निदान करणार नाही. मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. राज्याच्या कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा २००७ पासून चालणाऱ्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले. आमच्या बाजारपेठेतला किराणा दुकानदार वर्षानुवर्षे गुमास्ता लायसन्स चौकटीत घालून भिंतीवर लावत आला, आणि एवढ्या मोठ्या कंपनीकडे तेच नाही! नोंदणीच नसेल तर तास मोजणार कोण?

मोठ्या माणसांचे सल्ले तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे बोलणे गाजले. नव्वद म्हणजे सहा दिवस रोज पंधरा तास. विजेच्या दिव्यांच्या गिरणीतच परत गेलो की आपण! आणि ३ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत रोजचे नऊ तास दहा करण्यास मंजुरी दिली. जादा तासांना दुप्पट पगार, असे कायदा म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी विचारतो, मिळतो का रे? पुन्हा तेच हसणे.

हे फक्त शहरात चालते असेही नाही. फायनान्सच्या वसुलीसाठी साखरप्यापासून माखजनपर्यंत मोटारसायकल दामटणारी मुले, बारा-बारा तास उभे राहणारे सिक्युरिटीवाले माझ्याच बाकावर येऊन बसतात.

ह्या मुलांना मी "नोकरी सोड" असे सांगत नाही. खोलीचे हप्ते आहेत, धाकट्या बहिणीचे शिक्षण आहे. पण घरच्यांनी निदान त्याच्या जाग्रणाची फुशारकी मारू नये. पगार किती, असे विचारताना त्याच दमात सुटतोस किती वाजता, असेही विचारावे. मुलीच्या स्थळाची चौकशी करताना तर जरूर विचारावे. आईवडील खूष आहेत म्हणून खरे सांगता येत नाही, असे कितीतरी मुलांनी मला खाजगीत सांगितले आहे.

छातीत किंवा डाव्या हातात दुखले, दरदरून घाम फुटला, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपू नका, ताबडतोब इसीजी काढा, वय तिशीचे असले तरी. प्रेशर दोन वेगवेगळ्या वेळी १४०/९० च्या वर आले तर ते "धावपळीने वाढले असेल" म्हणून सोडू नका. रात्री निदान सात तास झोप हवी, आणि झोपताना मोबाईल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत.

शेवटी गणपतीला येणाऱ्यांसाठी. दिवसभर काम करून रात्री दहाला गाडी काढायची आणि पहाटे गावात पोचायचे, ही पद्धत बंद करा. सतरा-अठरा तास सलग जागे असलेल्या माणसाचे हातपाय थोडी दारू घेतलेल्या माणसाइतके मंद चालतात, हे प्रयोगांनी दिसले आहे. मुंबई-गोवा महामार्गावर रात्री गाडी चालवायला तेवढे पुरे आहे. झोप काढून सकाळी निघा, नाहीतर सरळ रेल्वेने या. आल्या आल्या प्रेशर तपासायला येऊ नका, दोन रात्री घरी नीट झोपा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा-तंबाखूच्या आधी या. मुंबईच्या डॉक्टरांनी काही गोळ्या दिल्या असतील तर त्यांचे पाकीट बरोबर आणा. नुसते "पांढरी गोळी" म्हटल्याने मला कळत नाही.