वाकडी नळी
अर्धापुरात केळीचे ट्रक भरत असतात तेव्हा माझ्यासमोर रेझिनचा पॅटन रणगाडा सुटा पसरलेला असतो. प्रमाण 1:35, म्हणजे खरे 7 मीटर इथे 20 सेंटिमीटर, जेमतेम वीतभर. साच्यातून आलेल्या रेझिनवर तेलकट थर राहतो. भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासल्याशिवाय त्यावर रंग धरत नाही. पॉलिश पेपर ओलाच वापरावा आणि मास्क लावावा, ती धूळ छातीला वाईट. परवा तोफेची नळीच वाकडी निघाली. पातेल्यात कढत पाणी केलं, नळी बुडवली, मऊ पडताच काचेवर ठेवून बोटांनी हलकेच सरळ केली आणि तशीच गार पाण्यात धरली. काय समाधान वाटलं! बारकाव्यांसाठी मात्र खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नका. अहिल्यानगरला 1994 पासूनचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, तिथे पॅटन उभा आहे. जवळ जाऊन पाहा, त्याच्या बुरुजाचं ओतीव पोलाद खरबरीत आहे, गुळगुळीत नाही. तो खरबरीतपणा आणण्यासाठी पातळ पुट्टी आखूड केसांच्या ब्रशने टिपत बसलो. मान वर केली तेव्हा शेवटचा ट्रकही निघून गेला होता.