टॅपेटची टिकटिक आणि दहाव्या वर्षाचा हिशेब

मोटार विकत घेताना गिऱ्हाईक तिचा आजचा दिवस पाहते, आणि कारखानदारही तिचा आजचाच दिवस दाखवतो. गाडी लिटरमागे किती किलोमीटर जाते, किती ओझे वाहते, तिच्यात कोणत्या सोयी आहेत, हे सारे पहिल्याच दिवशी कळते. तीच गाडी दहाव्या वर्षी कशी चालेल, हे सांगणारा आकडा मात्र कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. अमेरिकेत पिकअप ट्रकच्या इंजिनांवरून गेली काही वर्षे जो गदारोळ चालू आहे, त्याचे मूळ या एका उणिवेत आहे. तिकडच्या त्या अवाढव्य गाड्या सिंगापुरात क्वचितच दिसतात. तरीही जेथे वाहनाचे आयुष्य दहा-दहा वर्षांनी मोजले जाते, अशा या शहराला तो प्रश्न परका नाही.

भानगड आहे ती टॅपेटची. इंजिनातील कॅमशाफ्ट फिरतो, तो टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलते आणि झडप उघडते. जुन्या इंजिनांत हे टॅपेट म्हणजे पोलादाचा एक साधा तुकडा असे. झीज होऊन टिकटिक ऐकू येऊ लागली की मेकॅनिक फीलर गेज घालून अंतर जुळवी आणि गाडी पुन्हा बिनबोभाट धावू लागे. पुढे तेलाच्या दाबावर अंतर आपोआप जुळवणारी टॅपेट आली आणि तीही लाखो किलोमीटर टिकली.

मग पेट्रोल वाचवण्याची एक नवी युक्ती निघाली. गाडी रिकामी, सपाट रस्त्यावर संथ चालली असेल, तर आठही सिलिंडर कशाला राबवायचे? त्यांतील चार झोपवून ठेवावेत. जनरल मोटर्सने १९८१ साली कॅडिलॅक गाडीत हा प्रयोग केला होता आणि तो इतका फसला की बहुतेक मॉडेलांतून वर्षभरातच मागे घ्यावा लागला. २००५ च्या सुमारास तीच कल्पना नव्या रूपात परतली. या वेळी टॅपेटच्या पोटात स्प्रिंगवर चालणारी एक बारीक खीळ बसवण्यात आली. तेलाचा दाब आला की खीळ आत सरकते, टॅपेट आतल्या आत दबते, झडप बंद राहते आणि तो सिलिंडर विश्रांती घेतो. आधी आठ सिलिंडरच्या इंजिनातील सोळांपैकी आठ टॅपेट अशी होती. २०१९ च्या मॉडेलांपासून काही इंजिनांत सोळाच्या सोळा तशी झाली आणि सिलिंडर चालू-बंद ठेवण्याच्या सतरा तऱ्हा संगणकाच्या हाती आल्या.

युक्ती चतुर खरी, पण जेथे एक भरीव तुकडा होता, तेथे स्प्रिंग, खीळ आणि तेलाची अरुंद वाट आली. तेल काळे पडले, वाट चोंदली किंवा खीळ अडकली, की टॅपेट दबलेलेच राहते. मग टिकटिक सुरू होते, पुशरॉड वाकतो आणि प्रसंगी कॅमशाफ्टही खरवडला जातो. सुटा भाग लहान, पण तो बदलण्यासाठी इंजिनचे डोके उतरवावे लागते. हमीची मुदत संपल्यावर हा खर्च मालकाच्या बोकांडी बसतो. म्हणूनच तिकडच्या न्यायालयांत मालकांनी सामूहिक दावे दाखल केले.

एवढ्या खटाटोपातून वाचते किती? त्याचे उत्तर २०२१ साली अनपेक्षितपणे मिळाले. जगभर चिप्सची टंचाई पडली, तेव्हा जनरल मोटर्सने आपले काही पिकअप ट्रक ही यंत्रणा चालवणाऱ्या सुट्या भागाविनाच तयार केले. त्यामुळे गॅलनमागे एक मैल कमी पडेल, असे कंपनीनेच सांगितले. आपल्या मापात हे लिटरमागे अर्ध्या किलोमीटरहूनही कमी झाले. एका मालकाला हा फरक जाणवणारही नाही. पण अमेरिकेत १९७५ च्या कायद्याप्रमाणे कंपनीच्या सर्व गाड्यांची सरासरी मोजली जाते आणि लाखो गाड्यांवर हाच एक मैल मोलाचा ठरतो. लाभ कंपनीच्या सरासरीत जमा झाला आणि जोखीम मालकाच्या नावे पडली. २०२५ च्या जुलैत त्या कायद्याखालील दंड शून्यावर आणण्यात आला खरा, पण रस्त्यावर उतरलेली इंजिने त्यामुळे बदलत नाहीत.

इंधन वाचवण्याचा कायदाच वाईट, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. १९७३ च्या तेलसंकटानंतर तो आवश्यकच होता. दोष आहे तो अर्ध्या मोजमापाचा. पहिल्या दिवसाचे पेट्रोल मोजले, दहाव्या वर्षाचे इंजिन कोणी मोजले नाही. शिवाय दोष एका यंत्रणेचा किंवा एका देशाचाही नाही. २०२४ साली टिकाऊपणाबद्दल नावाजलेल्या टोयोटाला इंजिनात राहिलेल्या धातूच्या कणांमुळे टुंड्रा पिकअप आणि लेक्सस मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर इंजिनाच्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्या बोलावल्या. तेथे दोष टॅपेटचा नव्हता, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचा होता.

आता सिंगापूरकडे वळू. येथील पिकअप म्हणजे टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स यांसारखी चार सिलिंडरची डिझेल गाडी. तिच्यात सिलिंडर झोपवण्याची यंत्रणा नाही. पण पळसाला पाने तीनच! २०१८ पासून नव्या डिझेल गाड्यांना युरो ६ चे निकष लागू झाले आणि धुरातील काजळी अडवणारी जाळी इंजिनाच्या सोबतीला आली. ही काजळी जळून जाण्यासाठी धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी सलग पळावी लागते. जेमतेम पन्नास किलोमीटर लांबीच्या या बेटावर पासिर पांजांगच्या घाऊक बाजारातून भाजी उचलून दहा ठिकाणी थांबत जाणारी गाडी तशी पळणार कधी? जाळी तुंबते आणि दुरुस्ती निघते. हवा स्वच्छ राखण्याचा हेतू येथेही योग्यच आहे, पण पुढच्या खर्चाचा प्रश्न तोच आहे.

त्यात १९९० पासूनची सी.ओ.ई. पद्धत. दहा वर्षे भरली की मालकापुढे दोन वाटा असतात. एक तर गाडी मोडीत काढावी किंवा परदेशी पाठवावी, नाहीतर गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी दराने रक्कम भरून पाच वा दहा वर्षांची मुदत वाढवून घ्यावी. मालवाहू गाडीला वीस वर्षांची मर्यादा आहे. मोठी कंपनी नवी गाडी घेऊन मोकळी होते. केटरिंगवाला, एअरकंडिशनर दुरुस्त करणारा, छोटा कंत्राटदार यांची मात्र खरी परीक्षा असते. मुदतवाढीची रक्कम एकदा भरली आणि सहा महिन्यांत इंजिनचे काम निघाले, तर दोन्हीकडून मार बसतो. ज्यांच्या पिकअपच्या मागच्या भागात कामगार बसतात, त्यांच्या बाबतीत तर भर एक्सप्रेसवेवर बंद पडणारे इंजिन हा जिवाशी खेळ आहे.

महाराष्ट्रातही चित्र वेगळे नाही. १९८६ साली आलेली टाटा ४०७ गावोगावच्या गॅरेजांत उघडली गेली, दुरुस्त झाली आणि वर्षानुवर्षे राबली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे निकष आले. आता लासलगावला कांदा नेणाऱ्या पिकअपचा दिवा पेटला की पान्याबरोबर संगणकही लागतो, आणि तो प्रत्येक तालुक्यात नाही.

यावर उपाय काय? युरो ६ च्या नियमांत धूर रोखणारी साधने १ लाख ६० हजार किलोमीटर टिकावीत, अशी चाचणी आहे. मग इंजिनाच्या आतील भागांसाठी तशीच कसोटी का नसावी? कंपन्या म्हणतील की दहा वर्षांची हमी परवडणार नाही. पण वर सांगितलेल्या २०२५ च्या प्रकरणात तपासणीत उत्तीर्ण झालेल्या इंजिनांना जनरल मोटर्सनेच दहा वर्षे किंवा दीड लाख मैलांची हमी देऊ केली. म्हणजे नड आली की ते जमते! सिंगापुरात सी.ओ.ई. दहा वर्षांची आहे, तर इंजिनाची हमीही तितकीच असावी, ही मागणी मुळीच अवास्तव नाही.

तोवर मालकाने आपले घर आपणच सांभाळावे. गाडी उभी असतानाही इंजिन चालू राहत असेल, तर तेल बदलताना केवळ किलोमीटर पाहू नयेत. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे आणि प्रत्येक कामाची पावती जपून ठेवावी. मुदतवाढीची रक्कम भरण्यापूर्वी थंड इंजिन सुरू करून कान देऊन ऐकावे आणि जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावे. दहा वर्षांचे पैसे मोजणाऱ्याला दहा वर्षांचे इंजिन मागण्याचा हक्क आहे. तो हक्क कायद्याने मान्य होईपर्यंत ही टिकटिक ऐकण्याची जबाबदारी आपलीच आहे.