शिस्त हवी, खर्च नको!

माध्यमिक शाळांतील ‘वर्गव्यवस्थापन’ आणि ‘आनंददायी वातावरण’ या विषयांवरील प्रशिक्षणवर्गांचे सध्या उदंड पीक आले आहे. वर्गात गोंधळ होतो तो शिक्षकाला युक्त्या ठाऊक नसल्यामुळे, हे त्यांचे गृहीतकृत्य. ते शासनाच्या सोयीचे आहे. युक्त्यांना पैसे पडत नाहीत.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ निषिद्ध ठरविला, हे योग्यच झाले. ज्याचा बाप जाब विचारायला शाळेची पायरी चढू शकत नाही, त्याच्याच पाठीवर छडी अधिक पडत आली आहे. परंतु त्याच कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही आहे. त्याची आठवण कोणी काढीत नाही. नववी-दहावी तर कायद्याच्या कक्षेबाहेरच!

साठ मुलांची तुकडी, पस्तीस मिनिटांची तासिका. हजेरीची पाच मिनिटे वजा करा. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट उरते. त्यात प्रेमाने कोणाला काय विचारायचे? शिवाय २००० सालापासून महाराष्ट्रात नवा शिक्षक ‘शिक्षणसेवक’ म्हणून तीन वर्षे मानधनावर राबतो, आणि स्वतः धास्तावलेल्या या माणसाने मुलांना निर्भय करावे अशी अपेक्षा!

राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणाला द्यावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा गिरविला.

प्रशिक्षणाला निघालेल्या शिक्षक-साथींनी तेथे प्रथम रिक्त पदांची यादी आणि तुकडीनिहाय पटसंख्या मागावी. युक्त्या नंतर ऐकता येतील.