पोस्टकार्डाला आलेलं उत्तर

आमच्या वडिलांनी आयुष्यात एकदाच आकाशवाणीला पत्र लिहिलं. कांद्यावर करपा पडला होता, औषध मारूनही पात पिवळी ती पिवळीच. पोस्टकार्ड पुणे केंद्राला गेलं. तीनेक आठवड्यांनी संध्याकाळच्या शेतीविषयक कार्यक्रमात निवेदकांनी आधी वडिलांचं नाव वाचलं, मग गावाचं, आणि मग उत्तर दिलं. उत्तर काय होतं ते मला आठवत नाही. आपल्या गावाचं नाव रेडिओवर आलं, ही बातमी मात्र सकाळी पिठाच्या गिरणीपर्यंत पोचली होती.

ही देवाणघेवाण पुणे केंद्राच्या जुन्या वळणातली आहे, हे मला फार उशिरा कळलं. केंद्र 1953 चं. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीनं तिथून एक प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली, गावोगाव वीसेक जणांचं श्रोता मंडळ केलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे. खरं काम रेडिओ बंद केल्यावर सुरू व्हायचं. ऐकलेल्यावर मंडळी बोलायची, आपल्या गावात काय जमेल ते ठरवायची, शंका लिहून केंद्राकडे धाडायची. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची.

टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची पाहणी केली. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं तिनं शेजारी ठेवून पाहिली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली होती. नुसत्या रेडिओच्या गावांत फारच थोडी. पुढे ही मंडळं देशभर झाली आणि हळूहळू विरली. मला हे आपलं मोठं नुकसान वाटतं.

ती रीत काही ठिकाणी अजून जिवंत आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 2008 पासून माणदेशी तरंग हे सामुदायिक केंद्र 90.4 वर चालतं. दुष्काळी भागातल्या बाया तिथं माणदेशी बोलीत बोलतात, ओव्या गातात, आपल्या धंद्यातल्या अडचणी सांगतात. अशा केंद्रांना साधारण शंभर वॅटची मर्यादा असते, म्हणजे आवाज दहा-पंधरा किलोमीटर जाणार. शिवाय स्वतःच्या बातम्या द्यायची त्यांना परवानगी नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या लावता येतात.

म्हणून आकाशवाणीचं प्रादेशिक केंद्र शाबूत राहायला हवं. 2023 च्या जूनमध्ये पुण्याचा वृत्तविभाग हलवायचा घाट घातला गेला, तेव्हा सकाळी 7.10 च्या बातम्यांसाठी श्रोते, पत्रकार, पुढारी सगळे उठले आणि तो निर्णय थांबला. लोकांना ते केंद्र आपलं वाटत होतं, एवढीच त्यामागची ताकद. असं आपलेपण मुंबई-दिल्लीहून जोडून घेतलेल्या कार्यक्रमांनी टिकत नाही. गावाचं नाव, तिथल्या माणसाचा आवाज आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर, हे रोज लागतं. केंद्रांनी श्रोता मंडळं पुन्हा उभारावीत. शाळा आहेत, बचत गट आहेत, ग्रामपंचायतीचं सभागृह आहे.

आणि आपणही गप्प बसू नये. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. या आठवड्यात आपल्या केंद्राला एक लिहा, आणि गावाचं नाव ठळक अक्षरात घाला.