कवळी ही चैन नव्हे!

जानेफळच्या वस्तीत सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या शेतमजूर आजीला विचारा, आज काय खाल्लं? चहात बुडवलेलं बिस्कीट, नाहीतर मऊ भात. जिने जन्मभर ज्वारी खुडली, तिलाच आज भाकर चावत नाही! दात गेले की आधी शेंगदाणे-फुटाणे सुटतात, मग मटण, मग पालेभाजी. प्रथिने, लोह, चोथा ताटातून जातात. अंग झडते, तोल जातो आणि घरचे म्हणतात, म्हातारपण आहे. म्हातारपण कसले, ही उपासमार आहे!

मिश्री-तंबाखूने हिरड्या खाल्ल्या हे आम्ही नाकारत नाही. ती वस्तीतून हद्दपार झालीच पाहिजे. पण गेलेल्या दातांचे काय? केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कृत्रिम दातही आहेत. किती जणांना ठाऊक आहे? काठी शिबिरात फोटो काढून वाटता येते. कवळीला तोंडाचे माप लागते, दंतवैद्याकडे खेपा पडतात. शासकीय दंत महाविद्यालय गाठायचे तर नागपूर, नाहीतर छत्रपती संभाजीनगर. श्रावणबाळ योजनेच्या महिना १५०० रुपयांत, मजुरी बुडवून सोबत येणाऱ्या मुलासह, अशा किती खेपा होणार?

जपानने १९८९ पासून ८० व्या वर्षी २० दात टिकवण्याची मोहीम चालवली. आपल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत निदान एवढे विचारावे : वयोश्रीच्या यादीत गावातली नावे किती, आणि माप घेणारा दंतवैद्य मेहकरला कोणत्या वारी बसणार?